आठ किलोमीटरच्या आतली सून

मी वाशिमला एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत काम करते. माझ्या टेबलावर प्रवास भत्त्याची देयकं येतात. कोण कुठं गेला, कशानं गेला, मुख्यालय कधी सोडलं, परत कधी आला, हे सगळं मी तपासते आणि बिल पुढं सरकवते, नाहीतर त्रुटी काढून परत पाठवते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी स्वतः मात्र एकदाही दौऱ्यावर गेलेले नाही. जिच्या टिपणीशिवाय कोणाला दौऱ्याचा पैसा मिळत नाही, तिलाही कधी दौऱ्यावर पाठवावं, हे आजवर एकाही साहेबाला सुचलेलं नाही.

लोकांना वाटतं की या कामाचा कंटाळा येत असेल. कंटाळा येत नाही, जळफळाट होतो. एका साहेबांचं मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी प्रशिक्षण झालं. आम्ही इथं दर तासाला कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होतो, आणि साहेब तिथं आठवडाभर 'कार्यालयीन ताण व्यवस्थापन' शिकत होते. त्यांचं बिल आलं तेव्हा परतीची वेळ लिहायची राहिली होती. त्रुटी खरीच होती. फक्त ती शोधायला मी एरवीपेक्षा जरा जास्त मन लावलं. बिल परत गेलं, साहेब माझ्यावर चार दिवस गुरगुरले, आणि मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गार वाटलं.

या सगळ्या नियमांत एक नियम माझ्या विशेष डोक्यात जातो. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत माणूस कितीही फिरला, दिवसभर उन्हात पायपीट केली, चार खेटे घातले, तरी त्याला प्रवास म्हणत नाहीत. प्रवास आठ किलोमीटरच्या पुढं सुरू होतो. नवीन लागलेली पोरं मला विचारतात, मॅडम असं का? मी सांगते, नियम आहे. पण घरी आले की मला तो नियम आमच्या कुटुंबानंच केला असावा असं वाटतं.

आमचं गाव आसेगाव. म्हणजे माझ्या सासरचं. माझं माहेर कामरगावचं. नवऱ्याचं वाशिमला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून आम्ही वाशिमला राहतो. सासूबाई आसेगावला एकट्या राहतात. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना वाशिमला या म्हणून खूप म्हटलं, पण त्यांची एक गाय आहे. तांबडी, आखूड शिंगांची आणि स्वभावानं थेट सासूबाईंवर गेलेली. ती सासूबाई सोडून कोणाला आचळाला हात लावू देत नाही. म्हणजे कोणाला म्हणजे माझ्याशिवाय कोणाला. कामरगावला आमच्या घरी गुरं होती, त्यामुळे माझा हात तिला चालतो. याचा मला लग्नानंतर फार अभिमान वाटला होता. त्याची किंमत पुढं कळली.

मी दर रविवारी आसेगावला जाते. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या वाशिमच्या बाजारातल्या जैन काकांच्या मेडिकलमधून घ्यायच्या, भाजी घ्यायची, बस धरायची, मंगरुळपीरकडे जाणाऱ्या गर्दीत उभं राहायचं. ऊन असो की पाऊस असो, रविवार चुकत नाही. मी अंगणात पाय ठेवला की आतून आवाज येतो, "आली का?" एवढंच. मी पदर खोचते आणि भांड्यांपाशी बसते.

आता माझ्या जावेबद्दल. माझा दीर सांगलीकडे सरकारी नोकरीत आहे. बायकोही त्यानं तिकडचीच केली. सरकारी माणसाला दर दोन वर्षांनी स्वग्राम सवलत मिळते, म्हणजे नोकरीच्या गावाहून आपल्या मूळ गावी कुटुंबासह जायचं आणि यायचं भाडं सरकार देतं. दिराचं मूळ गाव आसेगाव. त्यामुळे दर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, माझी जाऊ सरकारच्या पैशानं आरक्षित डब्यात झोपून वाशिमला उतरते आणि तिथून जीप करून आसेगावला येते. माझंही मूळ गाव आता तेच धरलं जातं. पण वाशिमहून आसेगावचं भाडं ते केवढं, आणि त्यासाठी अर्ज, रजा, तिकिटं, प्रमाणपत्र हे कोण करणार? शिवाय मी वर्षभर दर रविवारी जाते. सरकार दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला भाडं देतं.

जाऊ येणार असली की सासूबाई आठ दिवस आधीपासून अंगण सारवायला लागतात. गुडघे दुखत नाहीत. जीप दाराशी थांबली की त्या आतून ओरडतात, "थांबा, आंदर येऊ नका." मग एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर येतात. लांबून आलेल्या माणसाला दारातच तुकडा ओवाळायचा, म्हणजे वाटेत लागलेली नजर, बाधा सगळी दारातच उतरते. दीर, जाऊ, दोन लेकरं, सगळी उंबऱ्याबाहेर ओळीनं उभी राहतात. सासूबाई प्रत्येकावरून तुकडा फिरवतात, एक भाग इकडे टाकतात, एक तिकडे, पायांवर पाणी घालतात. जावेच्या वेळी तर तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडतात. सगळी बोटं कडाकडा वाजतात. त्या म्हणतात, "पाह्य, किती नजर लागली माह्या सुनीले."

मी तेव्हा भांडी घेऊन अंगणातच असते. ती नजर कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नसते.

जाऊ वाईट असती तर सोपं झालं असतं. ती वाईट नाही. आल्याबरोबर ती माझ्या पाया पडते, ताई म्हणते, माझ्यासाठी दरवेळी काहीतरी आणते, बेदाणे, हळद, एकदा खणाचं कापड. माझ्याजवळ बसून भांडीही घासायला लागते, पण सासूबाई लगेच हाक मारतात, "राहू दे वं बाई, थकून आली तू." मी कशानं थकत नाही, असा आमच्या घरी समज आहे. शेवया करताना ती हसत हसत माझी नक्कल करते आणि तिच्या त्या तिकडच्या बोलीत वऱ्हाडी शब्द आले की सासूबाईंना कौतुक आवरत नाही. मी जन्मभर वऱ्हाडी बोलते. मला कोणी हसून दाखवलेलं नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट होती, जी जावेजवळ नव्हती. सासूबाईंना समुद्र दाखवायचा होता, आणि तो मी दाखवणार होते.

हे असं ठरलं. एका रविवारी आम्ही दोघी टीव्ही पाहत होतो. मालिकेत नवरा-बायको समुद्राच्या काठावर उभं राहून भांडत होते. मी भांडण ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, भांडण जाऊ दे, त्याइच्या मागं पाहा. मग त्यांनी मला विचारलं की एवढं पाणी खरंच असतं का, का हे टीव्हीवाले करून दाखवतात. मी म्हटलं, खरंच असतं, आणि मी तुम्हाला नेऊन दाखवीन, तेही सरकारच्या पैशानं. कारण चार वर्षांतून एकदा आम्हाला महाराष्ट्र दर्शनाची सवलत असते. राज्यात कुठंही जा, कुटुंबाला न्या, भाडं सरकारचं.

कुटुंब म्हणजे कोण, हे कार्यालयाला लेखी द्यावं लागतं. लग्न झालेल्या बाईनं आपले आई-वडील लिहायचे की सासू-सासरे, यातलं एकच निवडायचं असतं. लग्नानंतर ते विवरण माझ्यासमोर आलं तेव्हा मी नवी नवरी होते आणि चांगुलपणा अंगात मावत नव्हता. मी सासू-सासरे लिहिले. माझी आई तेव्हा कामरगावला ठणठणीत होती. तिला मी हे पुढच्या वेळी सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलं. तिचं ते बरं केलं मला अजून आठवतं. ती आता थकली आहे आणि आजवर अमरावतीपलीकडे कुठं गेलेली नाही.

महाराष्ट्र दर्शन मात्र होत नव्हतं. एका गटवर्षात, म्हणजे सवलतीच्या चार वर्षांच्या मुदतीत, मला रजा मिळाली तर सासूबाई म्हणाल्या, सोयाबीन घरात येऊ दे. सोयाबीन घरात आलं तर माझं लेखापरीक्षण आलं. लेखापरीक्षण गेलं तर नवऱ्याच्या दुकानात रब्बीची गर्दी, लोकांच्या मोटारी जळायला लागल्या. चार वर्षं संपली की सवलत बुडते, ती पुढं ओढता येत नाही. अशी ती बुडत गेली. दुसऱ्यांची बिलं मी मुदतीत पाठवत होते.

मागच्या उन्हाळ्यात जाऊ आली तेव्हा आम्ही दोघी ओट्यावर शेवया वाळत घालत होतो. बोलण्याच्या ओघात मीच तिला सांगितलं की आईंना समुद्र पाहायचा आहे, आणि मी या दिवाळीनंतर त्यांना नेणार आहे. ती म्हणाली, किती छान ताई. मीच सांगितलं हे. कोणी माझ्या तोंडातून काढून घेतलं नाही.

गणपती झाल्यावर तिचा फोन आला. ह्यांची महाराष्ट्र दर्शन सवलत शिल्लक आहे, आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जातोय, तर आईंनाही नेऊ म्हणतो. फक्त ह्यांच्या ऑफिसनं एक कागद मागितला आहे. आईंचं नाव तुमच्या रेशनकार्डावर आहे ना, आणि तुम्ही सरकारी नोकरीत, तर तुमच्या ऑफिसचं प्रमाणपत्र पाहिजे की तुम्ही आईंच्या नावानं या गटवर्षात सवलत घेतलेली नाही आणि घेणारही नाही. मग ती लाडानं म्हणाली, "ताई, ते तुमच्याच टेबलावरचं काम आहे म्हणे. एका दिवसात होईल ना?"

मी होईल म्हटलं. फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो मोटारीचं तांब्याचं वेटोळं उलगडत बसला होता. तो म्हणाला, चांगलंच आहे, आईचा समुद्र पाहणं होऊन जाईल. कोणासंग झालं ते काय करायचं? मी म्हटलं, तुम्हाला काय कळणार. त्याला खरंच कळलं नसतं. त्याचा भाऊ येतो तेव्हा त्याच्याही पायावर पाणी घालतात, पण तो ते पाहत नाही, तो जीपचं इंजिन पाहतो.

एक माणूस एकाच कुटुंबात दाखवता येतो. सासूबाई दिराच्या बिलात गेल्या की माझ्या बिलातून गेल्या. एवढा साधा नियम आहे, मीच तो दहा जणांना समजावून सांगितला आहे.

दिराच्या कार्यालयाचं पत्र आठवड्यात आलं. आवक शाखेनं शिक्का मारला, अधीक्षकांनी कोपऱ्यात माझ्या टेबलाचं नाव लिहिलं, आणि ते पत्र माझ्यापुढं आलं. प्रवास सवलतीचं कोणतंही प्रमाणपत्र माझ्याच टिपणीनं निघतं, त्यामुळे माझ्याबद्दलची टिपणीही मीच सादर करायची होती. मी ते पत्र ढिगाच्या खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते वर आलं तर परत खाली ठेवलं. असं काही दिवस चाललं. आमचे अधीक्षक निवृत्तीला आलेले, मिशीत हसणारे गृहस्थ आहेत. त्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, स्वतःवरच त्रुटी काढून राह्यल्या काय?"

मी म्हटलं, तपासून राह्यली. आणि खरंच तपासत होते. मी त्या दिवसांत नियमांची सगळी पुस्तकं उघडली. वृद्ध आई मुलाजवळ राहत नसेल तर ती त्याच्या कुटुंबात धरता येते का? अवलंबून आहे हे कसं ठरवायचं? जो पैसे पाठवतो त्याच्यावर, का जो गोळ्या आणतो त्याच्यावर? पुस्तकात गोळ्यांबद्दल काही नव्हतं. मला एक बारीक फट सापडली होती, तिच्यावर बोट ठेवून मी पत्र परत पाठवू शकले असते. दिराच्या कार्यालयानं मग पुढं चौकशी केली असती आणि दिवाळी निघून गेली असती. मी ती टिपणी मनात तीनदा लिहिली. फार सुरेख झाली होती.

पण तिथं सही करण्याआधी मला एकदा सासूबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या मनात पक्कं होतं की त्या माझंच नाव घेतील. निदान विचारात तरी पडतील. समुद्राचं त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं होतं, जावेला नाही. मी रविवारी गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. गॅस आहे, पण भाकरी त्या चुलीवरच करतात. मी गोळ्या दिल्या, भाजी ठेवली आणि आडवळण न घेता विचारलं.

"आई, समुद्र पाह्यले तुमी कोणासंग जाता? माह्यासंग का त्याइच्यासंग?"

त्यांनी जळतं लाकूड थोडं मागं ओढलं. विचारात पडल्या नाहीत. "त्याइच्यासंगच जा लागन ना वं."

"काहून?"

"तुह्यासंग गेली तं गाईले कोण पाहीन? दुसऱ्याले ते हात लावू देते का? त्याइच्यासंग गेली तं तू हायेस ना इथं."

त्यांनी भाकरी उलटली. त्यांना आपण काही मोठं बोललो असं वाटलं नव्हतं. मला मात्र रडावं असं वाटलं, आणि गाईला जाऊन एक धपाटा घालावा असंही वाटलं. या बाईला माझ्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि म्हणूनच ती माझ्यासोबत कधी पाऊल टाकणार नव्हती. हे त्यांनी मला चांगलं म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून मला जावेचा जेवढा राग आला तेवढा तोवर कधीच आला नव्हता, आणि तिनं तर काही केलंही नव्हतं.

सोमवारी मी टिपणी लिहिली. "सदर कर्मचाऱ्याने चालू गटवर्षात आपल्या सासूबाबत रजा प्रवास सवलतीचा लाभ घेतलेला नाही व यापुढेही घेणार नाही." सदर कर्मचारी म्हणजे मी. दुसऱ्याबद्दल लिहावं तसं लिहिताना हात थांबला नाही, सवय आहे. 'यापुढेही घेणार नाही' या शब्दांशी पेन थोडं अडलं, पण नमुन्यात ते शब्द असतातच, ते मीच नमुन्यात घातले आहेत. अधीक्षकांनी वाचलं, सही केली. पत्र गेलं.

दिवाळीनंतर दीर येऊन सासूबाईंना घेऊन गेला. मी रजा टाकून आसेगावला राहायला गेले. महाराष्ट्र दर्शनासाठी साठवलेली रजा होती ती. पहाटे उठून दूध काढायचं, शेण काढायचं, गाईला पाण्यावर न्यायचं, दुपारी ओट्यावर बसून तुरीकडे पाहायचं. शेजारच्या चाचीनं, जिचा मुलगा आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावतो, मला विचारलं की सास कुठं गेली? मी सांगितलं, समुद्र पाहायला. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, मी गाय पाहायला. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू आलं असतं, पण मी ते दाबलं, कारण मला त्या आठवड्यात कोणाशीच गोड व्हायचं नव्हतं.

मग जावेचा व्हिडिओ फोन आला. आधी सगळं पांढरं दिसलं, मग आवाज आला, मोठा, न थांबणारा, आणि मग फोन वळला आणि तिथं पाणी होतं. मी समुद्र कधी पाहिलेला नाही, हे या लेखात मी अजून सांगितलं नव्हतं. सासूबाईंना दाखवीन म्हणत होते, पण मला तरी कोणी दाखवला होता? त्या पाण्यात घोट्याएवढ्यावर सासूबाई उभ्या होत्या. नऊवारी वर खोचलेली, एका हाताला जाऊ, दुसऱ्या हाताला नातू. मोठी लाट आली की तिघंही मागं सरकत होती आणि सासूबाई लहान पोरीसारख्या ओरडत होत्या. तो ओरडा मी पूर्वी ऐकला नव्हता. तिनं त्यांचा हात ज्या जागी धरला होता, ती जागा माझी होती. मी फोन इतका घट्ट धरला की तो बंद पडतो की काय असं वाटलं.

जावेनं दिराच्या हातून फोन घेतला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं पाणी मागं असताना त्यांनी मला विचारलं, "गाईले पानी पाजलं का?"

मी पाजलं म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पुढची लाट आली आणि फोन बंद झाला.

त्या परत आल्या त्या दिवशी मी भाकरी केली, तांब्या भरला आणि दारात उभी राहिले. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे ओवाळायचं काम माझ्याकडे आलं होतं. जीप थांबली. मी दारातूनच ओरडले, थांबा, आत येऊ नका. सगळी ओळीनं उभी राहिली. दिरावरून तुकडा फिरवला, लेकरांवरून फिरवला. जावेनं मान खाली घातली, तिला सवय आहे. मी तिच्यावरूनही फिरवला, पण बोटं मोडली नाहीत. मग सासूबाई. त्यांना आयुष्यात लग्नानंतर कोणी तुकडा ओवाळला नव्हता, कारण त्या कुठं गेल्याच नव्हत्या. त्या जीपला टेकून उभ्या होत्या, पदर डोक्यावर ओढलेला, आणि नव्या नवरीसारख्या लाजत होत्या. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. पायांच्या भेगांत अजून रेती होती.

समुद्र कसा होता, असं गावातल्या बायका आठवडाभर विचारत होत्या. सासूबाई म्हणायच्या, खारा हाये, कोणाच्या कामाचा नाही. पण हे सांगताना त्यांचा हात हवेत जो जात होता, खूप लांबपर्यंत, तो पाहून मला कळायचं की त्यांना तो किती आवडला. मी आतून ऐकत भाकरी थापत होते आणि प्रत्येक वेळी नव्यानं जळत होते. दीर-जाऊ सांगलीला गेले. मी वाशिमला आले. दिराचं बिल मंजूर झालं असं जावेनं कळवलं आणि सोबत मला आभाराचं, हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पुढच्या रविवारी मी गोळ्या घेतल्या, वांगी घेतली, बसमध्ये उभी राहून आसेगावला गेले. अंगणात पाय ठेवला. आतून नेहमीचा आवाज आला, "आली का?" मी पदर खोचला नाही. भांड्यांकडे गेले नाही. उंबऱ्याबाहेर थांबले. हे मी घरून ठरवून आले नव्हते. पाय थांबले ते थांबले.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. "काय वं, बाहीर काहून उभी राह्यली?"

"मले तुकडा ओवाळा."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. "वाशीमहून आली तं तुकडा कायले? तो पाहुण्याईले असते. तू काय पाहुनी हायेस?"

"नाही. तरी ओवाळा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग काहीतरी पुटपुटत आत गेल्या. मला वाटलं, आता त्या येत नाहीत, मलाच निमूट आत जावं लागेल. पण त्या आल्या. तांब्यात पाणी होतं, हातात सकाळच्या भाकरीचा वाळका तुकडा होता. त्यांनी तो माझ्यावरून फिरवला, अर्धा इकडे टाकला, अर्धा तिकडे. कोंबड्या धावल्या. माझ्या चपलांवरच पाणी ओतलं, कारण मी चपला काढल्या नव्हत्या. जावेला हे कधी मागावं लागलं नाही, हे मी त्या क्षणीही विसरले नव्हते. मी अर्ज केला, तेव्हा मला मिळालं.

मग त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. सगळी वाजली, एकामागून एक, जावेच्या वेळी वाजतात त्याहून मोठ्यानं.

"माय वं," त्या म्हणाल्या, "किती नजर लागली होती तुले."

मी ओल्या चपलांनी तशीच उभी होते. मला आजवर वाटत होतं की या घरात नजर फक्त माझीच लागते. माझ्यावर जळायला कोण बसलं आहे, हे मी त्यांना विचारणार होते, पण त्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातातून घेऊन आत गेल्या होत्या, आणि गोठ्यात गाय मला ओळखून हंबरायला लागली होती.